कारागृहात शिवणवर्ग लावताना: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

कारागृहात शिवणवर्ग काढायचा ठरला की पहिला फोन हमखास मशीनवाल्याला जातो. दहा मशिनं येतात, मांजरपाटाचा तागा येतो, बॅनर छापून होतो, फीत कापली जाते. तिसऱ्या आठवड्यात वर्गात पाच जण उरतात आणि पाचव्या आठवड्यात मशिनांवर चादर पडते.

बारा-तेरा वर्षं मी एका संस्थेकडून महाराष्ट्रातल्या मध्यवर्ती आणि जिल्हा कारागृहांत असे वर्ग लावून देतोय. शिकवणाऱ्याला शिवण येत नव्हतं म्हणून वर्ग बुडाल्याचं मला आठवत नाही. बुडतात ते कामांचा क्रम उलटा लागल्यामुळे. अभ्यासक्रम आधी ठरतो आणि शिकणारा किती दिवस आत आहे ते नंतर कळतं. मशीन आधी पोचतं आणि आतले नियम निदेशकाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, थेट दरवाज्यावर समजतात.

आयटीआयचे निदेशक, संस्थांचे समन्वयक आणि कारागृह विभागात नव्याने लागलेले तांत्रिक निदेशक यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण शिवणकामाचं आहे. सुतारकाम, बेकरी, लोहारकाम, चर्मकला यांत अवजारं बदलतील, क्रम हाच राहील.

## टप्पा १: आधी दिवस मोजा, मग अभ्यासक्रम निवडा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन (खटला चालू असलेले, शिक्षा न झालेले) होते, म्हणजे ७५.८ टक्के. चारातल्या तिघांना आपण किती दिवस आत आहोत हे स्वतःलाच ठाऊक नसतं. सकाळी वर्गात काजं शिकणारा माणूस जामीन झाला की संध्याकाळी एसटीत बसलेला असतो. त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ जुलै २०२४ पासून लागू आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला जामिनावर सोडायची तरतूद त्यात आहे. चांगलीच गोष्ट आहे ही. पण तीन महिन्यांचा सलग कोर्स त्याच्यासाठी बांधलेला नसतो.

म्हणून अधीक्षक कार्यालयाकडे नावं मागायच्या आधी तीन गोष्टी मागा.

१. सिद्धदोष (शिक्षा झालेले) आणि न्यायाधीन बंद्यांची संख्या वेगवेगळी. सिद्धदोषांपैकी किती जणांची सुटका सहा महिन्यांच्या आत आहे, किती जणांची त्यानंतर.

२. वर्गासाठी खरोखर मिळणारे तास. पत्रात सकाळी ८ ते १२ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात गिनती, म्हणजे बंद्यांची मोजणी, जुळेपर्यंत बराकीतून कुणी हलत नाही. मग झडती, मग रांगेने वर्गापर्यंत येणं, मग अवजारांची मोजणी. सुटताना हेच सगळं उलट क्रमाने. चार तासांचे अडीच तास उरतात. कागदावर ७५ दिवसांत बसवलेल्या ३०० तासांच्या कोर्सला अडीच तासांच्या हिशेबाने १२० दिवस लागतात.

३. रोज सरासरी किती जण कोर्टाच्या तारखेला, व्हीसीवर (व्हिडिओवरून कोर्टाची हजेरी), मुलाखतीला (घरच्यांच्या भेटीला) किंवा दवाखान्यात जातात.

हे हातात आलं की दोन वेगळे वर्ग आखा. सिद्धदोषांसाठी तीन ते चार महिन्यांचा सलग अभ्यासक्रम. न्यायाधीनांसाठी आठ-आठ दिवसांचे सुटे घटक, प्रत्येकाच्या शेवटी पूर्ण झालेली एक वस्तू. दोन घटक करून गेलेला माणूस निदान पिशवी आणि उशीचा अभ्रा शिवायला शिकून जातो. सलग कोर्समधून मधेच गेलेल्याच्या हाती अर्धी कॉलर उरते.

सावध: न्यायाधीन बंद्याला कामाला किंवा वर्गाला जबरदस्तीने बसवता येत नाही. सक्तमजुरीची शिक्षा झालेला, साधी कैद असलेला आणि न्यायाधीन यांच्यासाठीचे नियम वेगळे आहेत. हजेरीपटावर या तिघांची खिचडी केलीत तर पहिल्या तपासणीतच अडकाल.

## टप्पा २: मजुरीचा प्रश्न लेखी सोडवा

हा प्रश्न बहुतेक संस्था विचारतच नाहीत आणि वर्ग इथेच मरतो.

सिद्धदोष बंद्याला कारखान्यातल्या कामाची मजुरी मिळते. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन दर असतात. त्या पैशातून तो कँटीनमधून साबण, तेल, बिस्किटं घेतो आणि उरलेले घरी पाठवतो. तुमच्या वर्गाला येण्यासाठी त्याला कारखाना सोडावा लागला आणि त्या तासांची मजुरी बुडाली, तर पहिले आठ दिवस तो उत्साहाने येईल आणि नवव्या दिवशी त्याचं पोट दुखेल. त्याला बोल लावू नका. तुमचे पैसे बुडाले असते तर तुम्हीही हेच केलं असतं.

अधीक्षकांशी पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी पत्रावर आणा. वर्गाचे तास कामाचे तास म्हणून धरले जातील का? वर्गात तयार झालेल्या वस्तू कुणाच्या? आणि कारखान्याला मोठी ऑर्डर आली तर वर्ग थांबणार की चालू राहणार?

तिसरा प्रश्न टोचतो, पण विचाराच. गणवेशांची ऑर्डर आली की वर्गातली चांगली चार मुलं कारखान्यात ओढली जातात आणि तीन आठवडे एकच शिवण मारत बसतात. बंद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतला ९९ वा नियम यावर स्पष्ट आहे: कारागृहातल्या उद्योगाच्या नफ्यापुढे बंद्याचं हित आणि त्याचं प्रशिक्षण दुय्यम ठरता कामा नये. बैठकीत नियम फेकून मारू नका, पण पत्रात उल्लेख जरूर ठेवा. माझा अनुभव असा की ऑर्डरच्या काळातही रोज एक तास वर्ग चालेल एवढं अधीक्षक सहसा कबूल करतात, फक्त ते आधी मागितलेलं असावं लागतं.

तपासा: पत्रावर सही कुणाची आहे? बदली झाली की तोंडी शब्द पाहुण्यासारखा निघून जातो.

## टप्पा ३: निदेशक तयार करा

विभागाच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंगाधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात होतं. आयटीआयच्या निदेशकांसाठी एक वर्षाचा सीआयटीएस (निदेशक-प्रशिक्षण) अभ्यासक्रम असतो, त्यात धडा कसा आखावा, प्रात्यक्षिक कसं दाखवावं हे शिकवतात. बाहेरून कारागृहात जाणारा शिवणकामाचा निदेशक या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतो. बऱ्याचदा त्याला आदल्या दिवशी फोन येतो, "उद्या आधारकार्ड घेऊन या." एवढीच त्याची तयारी.

पाच दिवस द्या. पाच म्हणजे पाच, आणि तेही प्रशिक्षणार्थींची यादी बनायच्या आधी.

पहिला दिवस: नुसतं पाहणं. दरवाज्यावरची नोंद, झडती, सामान ठेवण्याची जागा, बराकी, कारखाना, दवाखाना, मुलाखतीची खोली. काहीही शिकवायचं नाही. पहिल्यांदा आत गेलेला माणूस मागे दार लावल्याच्या आवाजाने दचकतो. ते दचकणं वर्गात नको, आजच होऊन जाऊ दे.

दुसरा दिवस: नियम. हे संस्थेने नाही, सुरक्षेचं काम पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याने शिकवावं. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह, तंबाखू, गुटखा, खिशातले जास्तीचे पैसे, कुणासाठी आणलेलं औषध, यातलं काही आत न्यायचं नाही. धोक्याची घंटा वाजली तर जागेवर कसं थांबायचं, अवजारं कुणाच्या ताब्यात द्यायची, बाहेर कुठल्या दाराने निघायचं, हे चालून दाखवायला लावा. कागदावर वाचलेलं घंटा वाजल्यावर आठवत नाही.

तिसरा दिवस: बोलायचं कसं. यावर सर्वात जास्त वेळ घालवा. दोघांना समोरासमोर बसवून प्रसंग करून घ्या. एक जण बंदी, एक जण निदेशक.

"सर, घरी एक फोन लावता का? पोरीचं जमलंय म्हणे, तारीख तेवढी विचारायचीय."

नवा निदेशक इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर पाघळतो, "द्या नंबर, बघतो." नाहीतर खेकसतो, "माझ्याशी असलं बोलायचं नाही." बरोबर उत्तर साधं आहे: "ते माझ्या हातात नाही. अर्ज लिहायचा असेल तर वर्ग सुटताना सांगा, मी साहेबांना तुमच्यासमोरच सांगतो." आणि मग खरंच सांगायचं. आज फोन, उद्या चिठ्ठी, परवा पुडी. पुडी सापडते तेव्हा निदेशक म्हणतो मला फसवलं. फसलेला तो पहिल्या फोनलाच असतो.

हाक मारताना पहिलं नाव आणि "तुम्ही". नंबराने नाही, "ए" नाही. आडनावही टाळा. आडनाव घेतलं की जात आणि गाव दोन्ही उघडं पडतं, आणि आत ही दोन्ही ओझी बाहेरच्यापेक्षा जड असतात. महिला कारागृहात त्या तुम्हाला मॅडम म्हणोत की ताई, तुमच्या तोंडी सगळ्यांसाठी एकच संबोधन हवं. एकीला ताई आणि दुसरीला नुसतं नाव, हे तिसऱ्या दिवशी बराकीत भांडण म्हणून पोचतं.

"कशात आलात?" हा प्रश्न विचारायचाच नाही. कुणी आपणहून सांगू लागलं तर ऐकून घ्या आणि कपड्याकडे वळा. ज्याची केस माहीत झाली त्याच्या हाती कात्री देताना तुमचा हात थबकतो, आणि ते त्याला दिसतं.

चौथा दिवस: अवजारांच्या मोजणीची तालीम. रिकाम्या खोलीत, दहा खोटे विद्यार्थी बसवून, घड्याळ लावून. वाटप आणि परतमोजणी मिळून वीस मिनिटांत बसलं पाहिजे. पहिल्यांदा पंचेचाळीस लागतात.

पाचवा दिवस: जोडीने वर्ग. कारागृहात आधीपासून शिकवणाऱ्या निदेशकाबरोबर एक पूर्ण सत्र. नव्या निदेशकाने फक्त मदत करायची. संपल्यावर दोघांनी पंधरा मिनिटं बसून कुठे अडखळलं ते लिहून काढायचं.

यानंतरही दर पंधरवड्याला निदेशकाशी कुणीतरी बसून बोलायला हवं. वर्गात मशीनचा आवाज असतो, त्या आवाजाच्या आडून माणसं फार काही सांगतात. ते ऐकून घरी गेलेला निदेशक रात्री जेवत नाही, आणि दोन महिन्यांनी "तब्येतीच्या कारणाने" काम सोडतो. असे तीन चांगले निदेशक मी गमावलेत.

सावध: शिवण येणाऱ्या एखाद्या जुन्या बंद्याला मदतनीस म्हणून घ्यायला हरकत नाही, उलट फायदाच होतो. पण हजेरी, अवजारांची किल्ली आणि कुणी काय चुकवलं याची तक्रार यातलं काही त्याच्याकडे देऊ नका. कुठल्याही बंद्याला इतरांवर शिस्तीचा अधिकार नको, असं मंडेला नियमांतला ४० वा नियम सांगतो. अधिकार दिलात की वर्गात दुसरा साहेब तयार होतो.

## टप्पा ४: ड्युटीवरच्या शिपायांनाही दोन तास

निदेशकाला पाच दिवस देणारे लोकही हे विसरतात. वर्गावर ड्युटी असलेल्या शिपायाला कुणी काहीच सांगितलेलं नसतं. मग कुणी इस्त्रीच्या टेबलाकडे उठून गेला की तो ओरडतो, कटिंगसाठी दोघं वाकून उभे राहिले की त्यांना पांगवतो. त्याची चूक नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की चार जण एका कात्रीभोवती जमलेत.

दोन तासांत त्याला वर्गाची खोली दाखवा, कोण कुठे कशासाठी उठेल ते सांगा, मोजणीची पद्धत त्याच्याकडून करून घ्या. ड्युटी बदलत राहते, म्हणून याच सूचना एका पानावर लिहून भिंतीवर लावा. एका हवालदाराने मला सांगितलं होतं, "साहेब, आम्हाला आधी सांगितलं तर आम्ही वर्ग चालवून दाखवू. नंतर सांगितलं की आम्ही बंद करू." खरं बोलला.

## टप्पा ५: कोणाला घ्यायचं

दहा मशिनांवर बारा जण. दोघं आलटून पालटून कटिंगला आणि इस्त्रीला. वीस जणांची यादी घेऊन फोटो छान येतो, पण आठ जण दिवसभर नुसते बघत बसतात, आणि आतला रिकामा माणूस म्हणजे कटकट.

यादी करण्याचा क्रम असा ठेवा:

१. बराकींमध्ये घोषणा आणि स्वतःहून दिलेली नावं. मुकाट्याने पाठवलेली नावं नकोत.

२. कार्यालयाकडून सुरक्षेची गाळणी. एकाच केसमधले सहआरोपी, एकमेकांशी वैर असलेले, हे काम त्यांचं आहे. तुम्हाला फक्त "हो" किंवा "नाही" हवं, कारण मागू नका.

३. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून डोळे आणि औषधं. याला विशेष जपा. चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांना जवळचं दिसत नाही, आणि आत चष्मा नसतो. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून माणूस मागे राहतो आणि शेरा पडतो, "शिकण्याची इच्छा नाही." एका वर्गात पाच जणांना चष्मे मिळवून दिले, त्यातल्या तिघांची शिवण नंतर सगळ्यांत सरळ आली. मानसोपचाराच्या गोळ्या घेणाऱ्यांना सकाळी गुंगी असते. त्यांना मशीन उशिराच्या सत्रात द्या.

४. दहा मिनिटांची समोरासमोर भेट. टेपवरचे आकडे वाचता येतात का ते पाहा. येत नसतील तर बाद करू नका, पहिल्या आठवड्यात आकडे शिकवायची वेळ धरा.

५. संमतीपत्र, त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवून. वर्ग सोडला तर शिक्षा होणार नाही, हे त्यात हवंच.

महिला विभागात आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुलं असतात. पाळणाघराची वेळ आणि वर्गाची वेळ जुळत नसेल तर वर्गाची वेळ हलवा. इस्त्रीच्या टेबलाखाली रांगणारं मूल मी पाहिलंय, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी वर्गाची वेळ जुळवून घेतली आहे.

सावध: "वर्ग केलात तर माफी (शिक्षेत सूट) मिळेल, जामिनाला उपयोग होईल" असं कुणीही, अगदी गंमतीतही, बोलायचं नाही. ते ठरवणारे दुसरे आहेत. दिलेला खोटा शब्द निदेशकाला पूर्ण बॅच संपेपर्यंत पुरतो.

## टप्पा ६: खोली आणि सुई

मशीन आता आणा. यादीत मशीनचा नंबर, सुया, बॉबिन, बॉबिन केस, कात्र्या, दोरा कापायच्या लहान कात्र्या, टेप, इस्त्री सगळं नगाप्रमाणे लिहा आणि दरवाज्यावर त्याच क्रमाने तपासून घ्या. "शिलाई साहित्य १ पेटी" असं लिहिलेलं पत्र घेऊन मी दोन तास बाहेर उभा राहिलोय.

खोलीत भिंतीवर एक फळी लावा आणि प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा तिच्यावर रंगवा. कात्री जागेवर नसेल तर कात्रीच्या आकाराचा रिकामा डाग दुरूनच दिसतो. नोंदवही लागतेच, पण डोळ्याला फळी आधी दिसते.

आता सुई. कारागृहातल्या शिवणवर्गाचं सगळं दुखणं सुईत आहे.

एका जिल्हा कारागृहात साडेअकराला वर्ग सुटायचा होता. चार नंबरच्या मशीनवर सुई मोडली. मोडलेली सुई जोडून पाहिली तर टोक नाही. टोक सापडेपर्यंत कुणीच हलणार नव्हतं. बारा जण, निदेशक, दोन शिपाई, सगळे जमिनीवर वाकलेले. जेवणाची वेळ टळली. एकाची आई मुलाखतीला आली होती, पहाटेची गाडी पकडून. तिची वेळ गेली. दीड तासाने टोक मिळालं, मशीनच्या दात्यांच्या पट्टीखाली, दोऱ्याच्या गुंत्यात. पट्टीचे दोन स्क्रू आधीच काढले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे:

१. सुई मोडली की हात वर, मशीन बंद, कुणीही जागा सोडायची नाही.

२. हातातला कपडा झटकायचा नाही, जागेवरच घडी करायची.

३. आधी दात्यांची पट्टी उघडायची, मग शटल, मग कपडा, मग जमिनीवर लोहचुंबक फिरवायचा. चुंबकाला मंजुरी आधीच घेऊन ठेवा.

४. सगळे तुकडे चिकटपट्टीने नोंदवहीत लावायचे. तारीख, मशीन नंबर, दोन सह्या. मगच नवी सुई.

हे संशयापोटी चाललंय असं बंद्यांना वाटू देऊ नका. कपड्यांच्या कारखान्यांतही मोडक्या सुईची अशीच वही असते, कारण लहान मुलाच्या कपड्यात सुईचं टोक राहिलं तर सगळा माल परत येतो. पहिल्याच दिवशी हे समजावून सांगा आणि वही त्यांच्याकडूनच भरून घ्या. बाहेर नोकरीला गेल्यावर ही सवय कामाला येते.

तपासा: वर्ग सुटायच्या वीस मिनिटं आधी शिवण थांबते का? "एवढी बाही पूर्ण करू दे" म्हणून पाच मिनिटं वाढवलीत की मोजणी घाईत होते, आणि घाईतली मोजणी म्हणजे न झालेली मोजणी.

## टप्पा ७: पहिले आठ दिवस

सुरुवातीचे दोन दिवस दोरा नको, कापडही नको. जुन्या वहीचे रेघांचे कागद मशीनखाली घालायचे आणि बिनदोऱ्याच्या सुईने रेघेवर भोकं पाडायची. आधी सरळ, मग कोपरा, मग गोल. हातांपेक्षा पायाला शिकवणं अवघड असतं. पायडल दाबलं की मशीन सुटतं आणि माणूस घाबरून पाय आणखी दाबतो. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून थांबता आलं की पायावर ताबा आला असं समजा. कागद उजेडासमोर धरला की भोकांची रांग वाकडी कुठे झाली ते शिकणाऱ्याला स्वतःच दिसतं, तुम्हाला बोलावं लागत नाही.

कागदाने सुई बोथट होते, म्हणून या दोन दिवसांसाठी जुन्या सुया वेगळ्या ठेवा. त्याही मोजणीत.

तिसऱ्या दिवशी दोरा ओवणं, बॉबिन भरणं, ताण जुळवणं. चौथ्या दिवशी मांजरपाटाच्या पट्ट्या. पाचव्या दिवसापासून पिशवी. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवीला मागणी आहे, आणि पिशवीत सरळ शिवण, दुमड, कोपरा, पट्टा हे सगळं येतं. आठव्या दिवशी प्रत्येकाची एक पिशवी पूर्ण. चुकलेली शिवण त्यानेच उसवायची. दुसऱ्याने उसवून दिली की चूक हातात राहत नाही.

पुढचे घटक झटपट सांगतो: उशीचा अभ्रा, परकर, लहान मुलाचं झबलं, मग पायजमा, शेवटी शर्ट. मापं कधी इंचात, कधी सेंटिमीटरमध्ये घेऊ नका. गावातला टेलर इंचच वापरतो, तेच धरा आणि सेंटिमीटर परीक्षेपुरतं शिकवा.

नेहमीची चूक म्हणजे ज्याचा हात बसलाय त्यालाच निदेशक काम देत राहतो, कारण माल नीट निघतो. रोज मशीनची जागा बदला. आणि कुणी तारखेला गेलेला परत आला तर त्याला बुडालेला भाग दाखवायला पंधरा मिनिटं रोज राखीव ठेवा. हे न केल्याने चौथ्या आठवड्यात वर्गाचे दोन वर्ग होतात.

## टप्पा ८: नोंदी, परीक्षा, प्रमाणपत्र

प्रत्येकाची एक वही. तिच्यात त्याने केलेले घटक, शिवणीचे छोटे नमुने डकवलेले, निदेशकाची सही. प्रमाणपत्र यायला महिने लागतात, तोवर ही वहीच त्याचा पुरावा.

सरकारमान्य प्रमाणपत्र हवं असेल तर नोंदणी पहिल्या आठवड्यात सुरू करा. अडचणी ठरलेल्या असतात. आधारकार्ड घरी किंवा पोलिसांकडे जमा, कोर्टाच्या कागदावर नाव एक आणि आधारवर दुसरं, आणि ओटीपी येतो तो मोबाइल बायकोच्या हातात, तीनशे किलोमीटर दूर. परीक्षेच्या आठवड्यात हे सुटत नाही. कारागृहात आधार शिबिर भरवून घ्या. अंगठ्याने पडताळणी कधी होईल ते आधी ठरवा. नाव एकाच कागदाप्रमाणे सगळीकडे लिहा.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकाची परवानगीही तुमचीच जबाबदारी. एकदा परीक्षक टॅब्लेट घेऊन आले, कारण परीक्षेचे फोटो त्यातूनच जायचे होते. परवानगीपत्रात टॅब्लेटचा उल्लेख नव्हता. ते दरवाज्यावरून परत गेले, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत बारांपैकी चार जण सुटले होते. चूक माझी होती. पत्रात माणूस, ओळखपत्र आणि यंत्र तिन्ही लिहा.

तपासा: प्रमाणपत्राचा नमुना छपाईच्या आधी मागवा. प्रशिक्षण केंद्राच्या जागी कारागृहाचं नाव छापून येतंय का? येत असेल तर संस्थेचं नाव आणि पत्ता घालून घ्या. कारागृहाचं नाव असलेलं प्रमाणपत्र कुणी मालकाला दाखवत नाही, ते ट्रंकेत तळाशी राहतं.

## टप्पा ९: सुटकेआधीचा महिना

सिद्धदोषांच्या सुटकेची तारीख आधी कळते, तिचा उपयोग करा. चार बैठका पुरतात. कुठे राहणार, घरी मशीन आहे का, गावात कुठला टेलर कामाला ठेवेल, आणि "इतके दिवस कुठे होतात?" या प्रश्नाला काय उत्तर देणार. हे उत्तर त्याच्या तोंडून वदवून घ्या, दोन-तीनदा. खोटं शिकवू नका, पण केसची सगळी कहाणी सांगायची गरज नाही हेही सांगा.

ज्यांचं घरचं काम आधीपासून शिलाईचं होतं त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत दर्जी आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं सहाय्य आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळतं, पण कुटुंबातल्या एकालाच. घरातल्या कुणी आधीच अर्ज केला असेल तर ते आजच कळलेलं बरं.

संपर्कासाठी संस्थेचा एक नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, निदेशकाचा खासगी नंबर नाही. सुटकेनंतर पहिल्या पंधरा दिवसांत एक फोन, तिसऱ्या महिन्यात दुसरा.

न्यायाधीन बंद्याची सुटका मात्र संध्याकाळी अचानक येते आणि त्याची वही वर्गाच्या कपाटात कुलपात राहते. म्हणून दर शनिवारी वह्या कपाटातून काढून ज्याच्या त्याच्या खासगी सामानाच्या नोंदीत जमा करायला कार्यालयाला सांगा, सोमवारी परत घ्या. कारकून कुरकुरतो. पहिल्या महिन्यात कुरकुरेल, मग स्वतःच आठवण करील.